धागा: सोलापुरातली हिंदी रोमँटिक सस्पेन्स शॉर्ट फिल्म – चादरीचा पुरावा पडद्यावर टिकेल का?

उलटी_बाजू
फिल्म २४ मिनिटांची, हिंदीत, मधूनमधून दखनी. शूटिंग चार दिवस. दोन मुख्य पात्रं, एक कारखाना, एक खोली. गोष्ट अशी:

आयेशा चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढते. ग्राफ पेपरवर चौकोन भरायचे आणि त्यावरून जेकार्डचा (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचा) नमुना बनवायचा, हे तिचं काम. समीर त्याच कारखान्याचा माल भिवंडी-मुंबईला खपवणारा एजंट. दोघांचं जमलेलं आहे. जानेवारी २०२४, सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यातल्या शोभेच्या दारूकामाची रात्र. मालक गोदामाच्या जिन्यावरून पडून मरतो. समीर म्हणतो, मी त्या वेळी माझ्या खोलीत होतो, आणि आयेशाला पाठवलेला फोटो पुढे करतो. फोटोत तो खाटेवर बसलाय, मागे चादर टांगलेली, बाजूच्या खिडकीत दारूकामाचा उजेड.

खोल्या जुन्या कामगार वस्तीतल्या. ७ आणि ८ यांची मधली भिंत एकच, आणि एक खोली दुसरीच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी. समीरची ७. फोटो काढलाय ८ मध्ये, जिच्या मागच्या दारातून थेट गोदामात उतरता येतं. मग फोटो आडवा उलटवला, की ८ ची ७ झाली.

आयेशाला हे चादरीवरून कळतं. चादरीची पुढची बाजू मरून रंगाच्या जमिनीवर (पार्श्वभूमीवर) पांढरी अक्षरं अशी असेल, तर मागे पांढऱ्या जमिनीवर मरून अक्षरं येतात, आणि तीही उलटी. फोटोत जमीन पांढरी आहे, अक्षरं मरून आहेत, तरी 'चांदरात' हा शब्द सरळ वाचता येतोय. असं होऊच शकत नाही.

उलगडा २२व्या मिनिटाला ठेवलाय. ज्यांनी पटकथा वाचली त्यांच्या डोक्यावरून गेला. दोष कुठे आहे?

संकलन_टेबल
दोष जागेचा आहे. हा पुरावा समजायला प्रेक्षकाला सहा पायऱ्या चढाव्या लागतात: चादरीची मागची बाजू रंगाने वेगळी असते, मागे अक्षरं उलटी असतात, फोटोत मागची बाजू आहे, अक्षरं मात्र सरळ आहेत, म्हणून फोटो उलटवलाय, म्हणून खोली दुसरी. शेवटच्या दोन मिनिटांत एवढं सांगायचं तर आयेशाला भाषण द्यावं लागेल. भाषण सुरू झालं की सस्पेन्स संपला, शाळा भरली.

उलगडा १३व्या मिनिटाला आणा. त्यानंतर प्रश्न 'कोणी मारलं' हा राहत नाही. प्रश्न राहतो, 'ही आता काय करणार?' समीर डबा घेऊन येतो, तिच्यासाठी पान आणतो, लग्नाची तारीख काढू म्हणतो, आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक तिच्या तोंडाकडे बघतो. रोमँटिक सस्पेन्समधला 'रोमँटिक' हा शब्द तिथून पुढे कामाला लागतो. नाहीतर ती साधी खुनाची गोष्ट आहे, मध्ये एक गाणं टाकलेली.

पहिल्या दोन पायऱ्या ४थ्या मिनिटाला, प्रेमाच्या प्रसंगात पेरा. समीर चादर उलटी पांघरतो, ती हसून ओढून सरळ करते: "उल्टी ओढे तो नाम भी उल्टा हो जाता, मालूम नै क्या?" तिथे कुणाला पुरावा दिसत नाही, लाडीगोडी दिसते. ९व्या मिनिटाला फोटो. १३व्याला तिला कळतं, आणि तेव्हा एकही शब्द नको. तिने हातातली चादर उलटी करावी, मग फोनकडे बघावं, मग पुन्हा चादर. तीन शॉट पुरे.

कांडीवाला
चादरीबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, रंगांची अदलाबदल होते आणि अक्षर उलटं पडतं. पण प्रॉपर्टी (प्रसंगात वापरायची वस्तू) म्हणून ही चादर आणणार कुठून, ते आधी ठरवा. बाजारातली नावाची चादर घेतली तर ते नाव खऱ्या कारखान्याचं. खुनाच्या गोष्टीत दुसऱ्याचं नाव घालू नका.

छापून घेऊ म्हणाल तर फसाल. छपाईत मागच्या बाजूला फिकट डाग उमटतो, रंगांची अदलाबदल होत नाही. भरतकामात मागे गाठी आणि सुटे दोरे दिसतात. क्लोजअपमध्ये सोलापूरचं पोरगंसुद्धा ओळखेल.

जुन्या जेकार्डवर एका चादरीसाठी कार्ड पाडणं (नमुन्याची भोकं असलेली कार्डं बनवणं) परवडत नाही. पूर्ण संच नवा पाडायचा, शिवायचा, चढवायचा, चालू माल थांबवायचा. कोण थांबवेल तुमच्यासाठी? इलेक्ट्रॉनिक जेकार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांना गाठा. तिथे कार्ड नाहीत, फाइल बदलली की नमुना बदलतो. मरून-पांढरा ताणा (उभे धागे) आधीच चढलेला असेल तेव्हा त्यांच्या मालाच्या शेवटी आपला तुकडा विणून मागायचा. पूर्ण चादर नको. अक्षरांचा पट्टा आणि वर-खाली हातभर कापड पुरे, उरलेला भाग तशाच रंगाच्या साध्या चादरीला जोडा आणि शिवण घडीत लपवा. दोन तुकडे घ्या. एक खराब होणारच.

अक्षरं देवनागरीच ठेवा. रोमन लिपीतली ए, एच, आय, एम, ओ, टी ही मोठी अक्षरं उलटी केली तरी तशीच दिसतात, पुराव्याचा जीवच जाईल. देवनागरीत काना उजवीकडे असतो, तो डावीकडे गेला की न वाचताही डोळ्याला खटकतं. 'चांदरात' मध्ये काना दोनदा आलाय, चांगलं आहे. बारीक अक्षर मात्र घेऊ नका. तिरक्या रेषा जेकार्डवर पायऱ्या-पायऱ्यांनी येतात, अक्षर चार बोटांपेक्षा लहान असेल तर 'द' आणि 'र' लांबून सारखेच दिसतील.

जुळे_सोलापूर
(खोल्या जुळ्या म्हणून हा आयडी शोभतोय, बोला.)

एकाच खोलीत दोन्ही खोल्या होतात, भाडं वाचतं. पण 'एडिटमध्ये फ्लिप मारू' एवढ्यावर राहू नका. फ्लिप केलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये हे सगळं उलटं होतं: शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो, बटणांची पट्टी उलटी पडते, घड्याळ दुसऱ्या हातात जातं आणि आकडे उलटे, दाराची कडी, भिंतीवरचं कॅलेंडर, डब्यावरचं लेबल, गालावरचा तीळ, केसांचा भांग. पंखा चालू असेल तर तोही उलटा फिरतो. जानेवारी आहे, पंखा बंदच ठेवा.

समीरला बिनखिशाचा, गळ्यातून घालायचा टी-शर्ट द्या. घड्याळ नको. भिंतीवर अक्षर किंवा आकडा असलेली एकही वस्तू नको, ८ मध्ये चादर सोडून. भांग मात्र मुद्दाम ठेवा. सगळ्या फिल्मभर डावीकडून, फोटोत उजवीकडून. त्यावर कुणी बोलायचं नाही. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला ते सापडू द्या.

आणखी एक. प्रेक्षकाला ७ नंबरची खोली आधी नीट पाठ झाली पाहिजे, नाहीतर ८ वेगळी आहे हे कळणार कसं? पहिल्या नऊ मिनिटांत ७ किमान तीनदा दिसावी आणि तिन्ही वेळा कॅमेरा दारातूनच असावा, त्याच उंचीवर. खिडकी डावीकडे, कोनाडा उजवीकडे. जागा बदलून बदलून देखणे शॉट घेतलेत तर खोलीचा नकाशाच डोक्यात बसत नाही. नवखे कॅमेरामन हमखास इथे मार खातात.

उलटी_बाजू
फोटो फोनवर दाखवायचा की पूर्ण पडद्यावर?

संकलन_टेबल
दोन्ही. आधी हातातल्या फोनवर, मग पूर्ण पडद्यावर तीन सेकंद, आवाज न बदलता. प्रेक्षकाला पूर्ण फोटो दाखवलाच नाही तर शेवटी तो म्हणेल, फसवलं. तीनपेक्षा जास्त ठेवलात तर तिथेच ओळखेल.

फोटो उभा काढू नका. उभा ९:१६ चा फोटो १६:९ च्या पडद्यावर रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग घेतो, बाकी काळं. आडवा ४:३ काढला तर रुंदीचा पाऊण भाग भरतो. 'चांदरात' ही अक्षरं फ्रेमच्या उंचीच्या एक दशांशाहून लहान नकोत, बहुतेक लोक हे मोबाईलवर बघणार आहेत.

फोनची स्क्रीन थेट शूट करायची असेल तर आपोआप उजेड कमी-जास्त होण्याचं सेटिंग बंद करा आणि स्क्रीनवर दिव्याचं प्रतिबिंब पडत नाही ना ते बघा. सोपा मार्ग, स्क्रीन हिरवी ठेवून फोटो मागाहून बसवा, पण अंगठा स्क्रीनवरून फिरवू देऊ नका. त्या अंगठ्याभोवती कापत बसण्यात अख्खा दिवस जातो.

कॅमेरा_पूर्वभाग
विणलेल्या कापडावर सेन्सरला लाटा दिसतात, पाण्यावर तेल पसरल्यासारख्या. मॉनिटरवर नाही दिसल्या तरी फाइल लहान करताना येतात. उपाय: कॅमेरा अर्धा फूट पुढे-मागे करा किंवा चादर किंचित तिरकी करा, धागे सेन्सरच्या ओळींना समांतर राहता कामा नयेत. फोकस अक्षराच्या कडेवर ठेवा, पोतावर नको.

कारखान्यात ट्यूबलाइट असणार. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून उजेड सेकंदाला १०० वेळा फडफडतो. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. कुणी हट्टाने २४ फ्रेमवर करणार असेल तर शटर १/४८ ऐवजी १/५० करा, म्हणजे शटरचा कोन १७२.८ अंश. स्लो मोशन कारखान्यात अजिबात नको, पट्टे धावतील.

लेन्स शेडमध्ये बदलू नका. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, सेन्सरवर बसतात, आणि ते चार दिवसांनी एडिटला कळतं.

आता महत्त्वाचं. चालू लूमच्या (मागाच्या) दोन्ही टोकांना, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या रेषेत, माणूस उभा करायचा नाही. धोटा उडतो. लागला तर डोळा जातो. आयेशाची ओढणी पिन लावून घट्ट, पट्ट्यापासून दूर. प्रेमाचा प्रसंग लूमला टेकून करायचा असेल तर मोटर बंद, मेन स्विच खाली, आणि कामगार शेजारी उभा. चालत्या लूमचे शॉट वेगळे घ्या, पात्रांशिवाय.

आवाज_बंद
चालू शेडमध्ये संवाद मिळणार नाहीत, कितीही महाग माइक आणा. एका लूमजवळच नव्वद डेसिबलच्या वर जातं. सुट्टीच्या दिवशी शूट करा, लूमचा आवाज वेगळा टिपा: एकच लूम जवळून दोन मिनिटं, पूर्ण शेड दारातून दोन मिनिटं, शेवटी लूम थांबतानाचा आवाज. तो थांबण्याचा आवाज सोन्यासारखा सांभाळा. १३व्या मिनिटाला चादर उलटी करताना शेड एकदम थांबला, तर पार्श्वसंगीत लागतच नाही.

नटांना सांगा, शेड बंद असला तरी मोठ्यानेच बोलायचं. कारखान्यातली माणसं आवाजावर आवाज चढवून बोलतात. शांत शेडमध्ये हळू बोललेले संवाद आणि वरून खडखडाट घातला, की ओठ खोटे दिसतात.

दारूकामाचं काय करणार? गड्ड्याच्या गर्दीत पात्रं घेऊन जाऊ नका. पन्नास लोक कॅमेऱ्यात बघतील. खिडकीबाहेर दोन रंगीत एलईडी लावा. उजेड झटकन चढला पाहिजे आणि सेकंद-दीड सेकंदात विझत गेला पाहिजे. बार मात्र उजेडाबरोबर वाजवू नका, बऱ्याच फिल्म इथे चुकतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वस्ती मैदानापासून दीड किलोमीटरवर धरली तर बार जवळजवळ साडेचार सेकंदांनी. २५ फ्रेमच्या हिशेबात सुमारे ११० फ्रेम.

हाच पुरावा का नाही करत? फोटोऐवजी व्हिडिओ, आणि उजेड-आवाजातल्या फरकावरून तो कुठे होता ते कळतं.

संकलन_टेबल
नाही चालणार. ७ आणि ८ शेजारी-शेजारी आहेत, फरक शून्य. शिवाय दारूकामात एकामागून एक उडतात, कोणता बार कोणत्या उजेडाचा हे सांगता येत नाही.

पुरावा म्हणून सोडा, प्रेमासाठी ठेवा. आयेशाची गच्ची मैदानाजवळ. दोघं फोनवर आहेत. मोठा औटगोळा फुटतो. तिला तो आधी ऐकू येतो, आणि चार सेकंदांनी तोच बार समीरच्या फोनमधून पुन्हा. "तेरेकू अब सुनाई दिया?" "हौ, अब." एक आवाज दोघांना वेगवेगळ्या वेळी. शेवटी तिला सत्य आधी कळलेलं असतं आणि त्याला ते उशिरा कळतं, त्याचीही ही तयारी होते. पण तो अर्थ संवादात सांगितलात तर वाट लागेल.

काळा_कोट
कायद्याचं बघून घ्या. गुन्हा जानेवारी २०२४ चा असेल तर 'दफा तीन सौ दो' बरोबर. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यानंतरच्या खुनाला कलम १०३. तारीख पुढे ढकललीत तर तो संवाद बदला. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, हसं होईल.

आयेशाने चादर जाळली तर ती पुरावा नष्ट करण्यात येते, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २०१. नुसती गप्प बसली तर ते २०१ नव्हे. हा फरक शेवट ठरवताना उपयोगी पडेल.

समीर लग्नाची घाई का करतो, याला पटकथेत कारण दिसलं नाही. एक देतो. लोकांची समजूत असते की बायको नवऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकत नाही. प्रत्यक्षात जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२२ मध्ये संरक्षण आहे ते लग्न झाल्यानंतर नवरा-बायकोत झालेल्या बोलण्या-कळवण्याला. फोटो लग्नाआधी पाठवलेला, त्याला ते लागत नाही. म्हणजे समीरचा बेत मुळातच फसवा, पण त्याला ते माहीत नाही.

संकलन_टेबल
ओ वकीलसाहेब, तुम्ही पटकथाच दिलीत की. आता "इसी जुम्मे निकाह कर लेते" या एका वाक्याला दोन अर्थ आले. प्रेम किंवा बंदोबस्त. आणि दोन्ही खरे असू शकतात.

पुढच्या प्रत्येक प्रसंगाला हीच कसोटी लावा. डबा आणणं: काळजी, की कारखान्यात शिरायला निमित्त? तिचा फोन हातात घेणं: लाड, की फोटो पुसायचा? एखाद्या कृतीला एकच अर्थ निघत असेल तर तो प्रसंग कापा, कितीही गोड असो. आणि समीरच्या नटाला एकच अर्थ सांगा, प्रेमाचा. दोन्ही खेळायला गेला की डोळे तिरके करतो, आणि बघणारा सातव्या मिनिटाला 'हाच बे' म्हणतो.

जुनी_टॉकीज
या घराण्याचं एक मूळ मराठीत आहे, हे इथे सांगितलंच पाहिजे. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' १९६४ चा, त्यावरून राज खोसलांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' केला. नवरा वकील, आणि त्याच्यासमोर बायकोच्या चेहऱ्याची बाई आरोपी म्हणून उभी. दोघांच्या खाजगी आठवणी कोर्टात पुरावा म्हणून निघतात, तिथे प्रेम आणि उलटतपासणी एकच होऊन जाते. तुमच्या चादरीनेही तेवढंच करायला हवं. ती दोघांची आठवण आधी असावी, पुरावा नंतर.

गाणं हवंच असं नाही. यश चोप्रांच्या १९६९ च्या 'इत्तेफाक'मध्ये एकही गाणं नाही. पण तुम्ही गुणगुणणं वापरू शकता, आठ मात्रांची नवी चाल, तीनदा: ती गच्चीवर गुणगुणते, तो फोटो पाठवताना, आणि शेवटी ती सुरू करून मध्येच थांबते.

जुनं गाणं रेडिओवर वाजवण्याचा मोह टाळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो म्हणून लोक खुशाल वापरतात. शब्द आणि चालीचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. अपलोड केल्यावर आवाज बंद पाडला जातो, आणि नेमका तुमचा कळीचा प्रसंग मुका होतो.

जुळे_सोलापूर
भुईकोट किल्ल्यातला एक प्रसंग आहे म्हणे पटकथेत. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला आहे, ट्रायपॉड लावून शूटिंगला लेखी परवानगी लागते. चार दिवसांच्या कामात ती धावपळ नको. तोच प्रसंग तळ्याकाठच्या रस्त्यावर घ्या. जानेवारीच्या मध्यात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, त्यानंतर कामाचा उजेड वीसेक मिनिटं. एवढ्या वेळात दोन शॉट होतात, तीन नाहीत. दिवसा तालीम करून जागेवर खडूने खुणा करून ठेवा.

भाषेचंही बघा. आयेशा दखनी, समीर मुंबईकडची हिंदी, हे ठीक. पण दर वाक्यात 'नक्को' आणि 'हौ' कोंबू नका, विनोदी होतं. मालकाशी ती साफ हिंदी बोलेल, समीरशी दखनी. १३व्या मिनिटानंतर समीरशीही साफ हिंदीत बोलायला लागली, तर त्याला काही न सांगता दार बंद झालेलं असेल.

उलटी_बाजू
हे शेवटचं थेट पटकथेत घेतोय. आता शेवट: तपास अधिकारी फोटो आणि चादर दोन्ही मागतात. ती चादर जाळत नाही, धुऊन वाळत घालते, दोरीवर, मागची बाजू रस्त्याकडे करून. अधिकाऱ्यांची जीप येते. समीर दोरीवरचं उलटं 'चांदरात' वाचतो, मग तिच्याकडे बघतो. तिथे कट.

कांडीवाला
धुताय तर जपून. गडद मरून पहिल्या धुण्यात सुटू शकतो आणि पांढरी जमीन गुलाबी पडते, मग आधीच्या शॉटशी जुळणार नाही. एक तुकडा आधी पाण्यात भिजवून बघा. रंग सुटला तर हा शॉट चौथ्या दिवशी सर्वात शेवटी घ्या. भिजलेली चादर जड होते, दोरी मजबूत घ्या आणि मधे बांबूचा टेकू द्या, नाहीतर नेमकी अक्षरं झोळात जातील.